वन्संच्या हाती स्टिअरिंग

आमच्या वन्सं बावीस वर्षं डेअरीची दुधाची गाडी चालवत होत्या. निवृत्त झाल्या आणि पंधरा दिवसांत घर त्यांना खायला उठलं. एका दुपारी माझ्याकडे आल्या आणि चप्पल काढता काढताच म्हणाल्या, "वहिनी, ट्रकमधून बारा दिवसांची सहल आहे, वाळवंट पार करून थेट समुद्रापर्यंत. तंबूत झोपायचं, आपलं आपण रांधायचं. येतेस?"

"या दिवसांत? तिकडे म्हणे सावलीतसुद्धा चटके बसतात."

"म्हणून तर दोन जागा उरल्यात."

माझ्या नवऱ्याने, म्हणजे त्यांच्या दादाने, आम्हा दोघींना वेड्यात काढलं. आम्ही गेलो.

ट्रकला मागे समोरासमोर बाकं होती, टपावर तंबू बांधलेले आणि पोटाशी पाण्याची टाकी. आम्ही नऊजण. त्यात एक दातांची डॉक्टर होती, आणि एक निवृत्त बँक मॅनेजर. ते दर दहा मिनिटांनी आपण कुठल्या दिशेला चाललोय ते सांगायचे, म्हणून आम्ही दोघी आपसांत त्यांना होकायंत्र म्हणायचो. ड्रायव्हर तिथलाच, अबोल, कामाला वाघ. तंबू ठोकताना वन्सं त्याच्या मागे मागे फिरायच्या आणि ट्रकबद्दल विचारून त्याला भंडावून सोडायच्या.

सहाव्या दिवशी सकाळी चाक पंक्चर झालं. ड्रायव्हरने कुणाला हात लावू दिला नाही. तासभर उन्हात एकट्याने खपून चाक बदललं. पुढे थोडं अंतर गेलो असू, तर ट्रक हळूहळू रस्ता सोडून कडेला गेला आणि थांबला. आम्ही उतरून पाहिलं, तर तो स्टिअरिंगवर डोकं टेकून काहीतरी असंबद्ध पुटपुटत होता. अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा थेंब नाही.

डॉक्टरबाईंनी त्याला मागच्या बाकावर निजवलं, कपडे सैल केले आणि टाकीतलं पाणी अंगावर ओतायला लावलं. "ऊन बाधलंय. याला ताबडतोब दवाखान्यात न्यायला हवं. संध्याकाळची वाट बघता येणार नाही."

फोनला रेंज नव्हती. पुढचं गाव साठ किलोमीटरवर, आणि मध्ये कोरड्या नदीचं रुंद वाळूचं पात्र.

"आपण इथेच थांबावं," होकायंत्र म्हणाले. "कुणीतरी येईलच."

"सकाळपासून कोण आलंय?" वन्संनी विचारलं. "किल्ली द्या इकडे."

"अहो, तुम्ही दूध पोचवत होता. हा केवढा ट्रक आहे."

"दूधसुद्धा सांडून चालत नव्हतं."

त्या चढून बसल्या. पाय क्लचपर्यंत पोचेनात, तेव्हा मी पाठीमागे दोन उशा सारल्या. पहिला गियर कर्रकन ओरडला. दुसरा मात्र निमूट पडला.

नदीशी आल्यावर त्यांनी ट्रक थांबवला आणि एकट्याच पात्रात उतरल्या. टाचेने वाळू दाबत पलीकडे गेल्या, परत आल्या. मग चारही चाकांतली थोडी थोडी हवा सोडली. ड्रायव्हरला तसं करताना त्यांनी पाहिलं होतं.

"बाकीचे चालत या. वजन कमी होईल."

डॉक्टरबाई आणि आजारी माणूस तेवढे आत राहिले. ट्रक एका लयीत निघाला. निम्म्यावर मागचं चाक बसलं. वन्संनी जोर केला नाही. लगेच थांबल्या, आपल्याच चाकोरीतून हातभर मागे आल्या आणि आम्हाला टपावरचे लोखंडी पत्रे काढून चाकांपुढे टाकायला सांगितले. होकायंत्रांनी गुडघे टेकून हातांनी वाळू उपसली. पत्रे खडखडले, ट्रकने एक हिसका दिला आणि तो थेट पलीकडच्या काठावर जाऊनच थांबला. आम्ही धापा टाकत मागे पळत होतो. मला रडू येत होतं आणि हसूही.

दवाखाना दोन खोल्यांचा होता. नर्सने सलाईन लावलं, बर्फ आणला. दुपार कलताना ड्रायव्हरने डोळे उघडले आणि पहिला प्रश्न विचारला, "ट्रक कुणी आणला?" वन्सं बाहेर चाकांत हवा भरत होत्या. आम्ही खिडकीतून बोट दाखवलं.

सहलवाल्यांनी फोनवर सांगितलं की बदली ड्रायव्हर मिळायला पाच दिवस लागतील, तेव्हा सहल इथेच संपवू. वन्संनी फोन घेतला. "माझ्याकडे जड वाहनाचं लायसन आहे. तुमचा माणूस शेजारी बसून रस्ता सांगेल. चालेल?" पलीकडे बरीच कुजबुज झाली, मग होकार आला. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दोन दिवस त्याला विश्रांती दिली आणि निघालो. पुढचा सगळा रस्ता वन्संनी चालवला. शेवटच्या दिवशी घाट होता. वळणं अशी की मी डोळे मिटूनच बसले. माथ्यावर आलो, आणि खाली अचानक समुद्र दिसला, अख्खा, निळाशार. वन्सं सावकाश उतरत गेल्या, किनाऱ्याशी ट्रक उभा केला आणि इंजिन बंद केलं.

"वहिनी, स्टिअरिंगवरून हात सुटतच नाहीयेत बघ."

"घाबरलात?"

"छे गं," त्या म्हणाल्या, "मजा आली."