उपटून बघितलेला लसूण

घड्याळजीला एक खोड होती. बंद वस्तू दिसली की ती उघडून आत बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. दुकानात या खोडीवर त्याचं पोट चालायचं. घरात मात्र लहानपणापासून आईचा कंदील, वडिलांचं पेन आणि मोठ्या बहिणीची बोलकी बाहुली असं बरंच काही त्याने कायमचं गप्प केलं होतं. ताई त्याला खटपट्या म्हणायची. त्याची पन्नाशी उलटली तरी तेच म्हणत होती.

अशा माणसाच्या ताब्यात लसणाचा वाफा देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. पण ताईचाही नाइलाज होता. परसातला हा लसूण ती तीस वर्षं लावत आली होती, दर वेळी त्यातलेच चार चांगले गड्डे पुढच्या लावणीला राखून. आता तिच्या डोळ्यांपुढे नुसतं धुकं होतं. माणसं ती आवाजावरून ओळखायची, आणि हिरवं कुठलं, पिवळं कुठलं, ते तर केव्हाच कळेनासं झालं होतं. राखलेल्या गड्ड्यांतला शेवटचा एकच उरला होता, तो तिने भावाला दिला. बारा पाकळ्या निघाल्या, बारा रोपं उगवली. एवढी साधली तर वाण टिकणार, नाहीतर संपला.

काढायचा केव्हा, ते कसं ओळखायचं, असं त्याने विचारलं होतं.

"बघितलं की कळतं," ताई म्हणाली. "लवकर काढला तर टिकत नाही, उशीर केला तर मातीतच फुटतो."

घड्याळजी मनातून चरफडला. तीस वर्षं पीक घेणाऱ्या बाईला एवढंच सांगता यावं? घड्याळाला निदान मागून झाकण तरी असतं.

तळची पानं पिवळी पडू लागली तसा त्याला धीर धरवेना. त्याने एक रोप उपटलं. खाली कांद्यासारखी गोल गाठ, पाकळ्यांचा पत्ता नाही. चार दिवसांनी दुसरं उपटलं, मग तिसरं, चौथं. दुरुस्तीला आलेल्या घड्याळांना बांधतो तशी चिठ्ठी त्याने प्रत्येक रोपाला बांधली: तारीख, वाळलेली पानं किती, हिरवी किती. ताई रोज विचारायची आणि हा गडी छातीठोकपणे सांगायचा, बाराच्या बारा झकास आहेत.

पाचवं रोप त्याने डोळ्याला भिंग लावून बघितलं. एक हिरवं पान धरून तो हळूहळू खाली सोलत गेला. पान मानेपाशी संपलंच नाही. तसंच खाली उतरलं आणि सगळ्या गड्ड्याला वेढून बसलं. दुसरं पान, तेच. म्हणजे साल निराळी नसतेच, प्रत्येक पानाचं खालचं टोक हीच एक साल. पान वाळलं की त्याची साल मातीत विरायला लागते. वर जितकी हिरवी पानं, तितकी पांघरुणं गड्ड्यावर शाबूत. घड्याळजी मातीत फतकल मारून बसला आणि एकटाच हसला. इतका आनंद त्याला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

तेवढ्यात काठी टेकत ताई आली. वाफ्याशी बसून तिने एकेक बुंधा चाचपला.

"सातच लागतायत हाताला," ती म्हणाली. "बाकीची पाच कुठे गेली?"

त्याने खरं ते सांगून टाकलं.

"डोळे गेल्याचं मी सोसलं रे," ताई म्हणाली. "या लसणाचं नाही सोसवणार."

घड्याळजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी कशी मागतात ते त्याला कधीच जमलं नव्हतं. त्याने तिचा हात धरून एका रोपाच्या सगळ्यात खालच्या पानावर ठेवला. ते कुरकुरलं. वरची दोनही कुरकुरली. चौथं मात्र बोटांना गार आणि ओलसर लागलं. मग त्याने तिला पानांचं आणि सालींचं सगळं गुपित सांगितलं.

ताईने ते दोनदा सांगायला लावलं. तीस वर्षं ती लसूण काढत होती, आणि उशीर झाला की तो का फुटतो हे तिला आजच कळत होतं. तिने स्वतःच मोजलं, तीन वाळलेली, सहा ओली. मग आठवून म्हणाली, मी काढायचे तेव्हा निम्मी पानं वाळत आलेली असायची. अजून एक वाळू दे. आणि पाणी आजपासून बंद.

त्यानंतर ती रोज सकाळी वाफ्यावर जायची, कोणाचा हात न धरता. आठव्या दिवशी तिने दुकानात निरोप पाठवला.

"चार कुरकुरतायत, पाच ओली आहेत," तो येताच ती म्हणाली. "काढ."

सातही गड्डे घट्ट निघाले, पांढऱ्या सालीत गच्च बांधलेले. त्यातले चार चाचपून ताईने ओच्यात घेतले आणि वर पदर धरला. घड्याळजीची बोटं शिवशिवत होती, पण तो हात मागे बांधून उभा राहिला. ताईने पाचवा गड्डा उचलला, जरा वेळ हातात फिरवला आणि त्याच्यापुढे धरला.

"हा उघड, खटपट्या," ती म्हणाली. "आत कसं दिसतं ते सांग मला."

तो तिच्याजवळ मातीत बसला आणि एकेक साल काढत सांगू लागला.