न बोलता सांगायची सुट्टी

बाईंनी बाक भिंतीला सरकवले आणि मधोमध खडूने मोठं वर्तुळ काढलं.

"एकेकाने आत यायचं. सुट्टीत काय केलं ते करून दाखवायचं, पण तोंडाला कुलूप. बाकीच्यांनी ओळखायचं."

शाळेचा पहिला दिवस. उकाडा हटला नव्हता आणि पोरांच्या अंगातली सुट्टीही. एकाने फरशीवरच सपासप पोहून दाखवलं, एकजणी सायकलवरून पडली. ओळखणाऱ्यांनी वर्ग डोक्यावर घेतला. बाई सारख्या दाराकडे बघत होत्या. तुमच्या वर्गाचा गलका ऑफिसात ऐकू येतो, असं मोठ्या बाई गेल्या वर्षी ऐकवून गेल्या होत्या, तेही सगळ्यांसमोर.

"आता भिंगरी! भिंगरी!"

हे नाव बाईंनीच ठेवलेलं. वर्गाबरोबर त्याही तिसरीत आल्या होत्या, आणि दुसरीत या मुलीला एका जागी बसवता बसवता त्यांच्या नाकी नऊ आले होते.

भिंगरी वर्तुळात आली, कुशीवर आडवी झाली आणि तिने डोळे मिटले.

"झोप!"

तिने मान हलवली. नाही.

"ताप आला होता!"

नाही.

"मगर!"

वर्ग खिदळला. ती तशीच पडून राहिली. तिचा एक हात तेवढा पुढे पसरला होता आणि तळवा फरशीवर हळूहळू पडत होता, कुणाला थोपटावं तसा.

बाई वाकल्या. "ऊठ गं. हरलो आम्ही, सांग."

"आईशेजारी पडलेय," डोळे न उघडताच ती म्हणाली. "ती उठतच नाही ना. भिंतीकडे तोंड करून असते. मी जरा हलले तरी म्हणते, जाऊ नकोस."

"रोज?"

"हो. बाबा कामावरून येईपर्यंत."

दारात कुणीतरी येऊन उभं राहिलं. मोठ्या बाई. बाईंनी त्यांना पाहिलं, आणि तरी त्या फतकल मारून भिंगरीजवळ बसल्या.

"आणि आत्ता आईपाशी कोण आहे?"

भिंगरी उठून बसली. तिच्या गालाला खडू लागला होता.

"कुणी नाही. आज शाळा आहे ना." मग तिने विचारलं, "बाई, सुट्टी परत कधी लागते?"

वर्ग पोट धरून हसला. पहिल्याच दिवशी!

बाईंनी तिचं दप्तर उचलून स्वतःच्या खांद्याला अडकवलं, तिचा हात धरला आणि त्या दारापाशी आल्या. मोठ्या बाईंनी बोलायला तोंड उघडलं होतं.

"वर्गावर जरा थांबता का? हिच्या घरी जाऊन येते."

उत्तरासाठी त्या थांबल्या नाहीत. जिना उतरताना त्यांच्या लक्षात आलं, आपण जवळजवळ धावतोय.