हिरव्या झग्याचं कापड

“कापड पुरणार नाही म्हणाला शिंपी. दुसऱ्यानेही तेच सांगून परत पाठवलं.” टाचणीकाकूंच्या थोरल्या जावेची सून दारातच थबकून बोलली. तिच्या हातात हिरवा झगा होता.

टाचणीकाकूंनी मशीनचं चाक हाताने थांबवलं. तोंडात सदा टाचण्या धरलेल्या, म्हणून गल्लीने दिलेलं हे नाव. टाचण्या काढल्या तरी बोलणं टोचरंच, म्हणून ते टिकलं.

“आत ये. झगा माझ्या ओळखीचा, तुझी सासू माझ्या ओळखीची. उंबऱ्यावर कशाला ताटकळतेस?”

“त्यांना तर बोलताच येत नाही आता. अर्धांगाच्या झटक्याने डावा हात लुळा पडलाय, बाही चढत नाही. पण चर्चला जायचं तर हाच झगा, असं बोटाने दाखवतात. तुमच्याकडे कुठल्या तोंडाने यायचं, म्हणून आधी दुसरीकडे फिरले.”

नऊ वर्षांपूर्वी हा झगा काकूंनीच शिवला होता. उरलेलं कापड मागायला थोरली जाऊ आली, तेव्हा हातात द्यायला चिंधीही नव्हती. पुढच्या रविवारी चर्चच्या दारात, सगळी मंडळी बाहेर पडत असताना, जाऊ म्हणाली, “घरच्यांचंसुद्धा कापड चोरते ही.”

एका वाक्यात खुलासा झाला असता. पण चोर म्हणणाऱ्याला खुलासा द्यायचा? काकू मान ताठ ठेवून घरी आल्या. तेव्हापासून प्रभुभोजनाचा प्याला समोर आला की त्या तो न पिताच पुढच्याकडे जाऊ देत. मनात राग धरून प्रभूच्या मेजाशी खोटं वागायचं नाही, हे त्यांनी स्वतःशी ठरवून टाकलं होतं. जाऊ मात्र दर रविवारी तोच झगा मिरवत पहिल्या बाकावर बसायची.

काकूंनी झगा उलटा केला आणि ब्लेडने डावी शिवण उसवली. आत तीन बोटं रुंद पट्टी दुमडून दाबलेली होती. उजवीकडेही तेवढीच. बाहेरून झगा विटून शेवाळी झाला होता; आतलं कापड पहिल्या दिवसासारखं गर्द. बाई अंगाने भरली तर झगा सैल करता यावा, म्हणून काकूंनी उरलेलं सगळं कापड शिवणीतच ठेवलं होतं.

सून बघतच राहिली. “म्हणजे नऊ वर्षं हे त्यांच्याच अंगावर होतं? काकू, मी चर्चच्या पाळकसाहेबांना सांगते. सगळ्यांसमोर...”

“बस खाली.”

काकूंनी ब्लेडच्या टोकाने पट्टीवरचे तुटके धागे उचलले. या दिवसाची त्यांनी किती वेळा उजळणी केली होती. चर्चच्या पायरीवर पट्ट्या अंथरायच्या आणि म्हणायचं, घ्या, बघा. वाक्यसुद्धा तयार होतं, चांगलं धार लावलेलं.

“तिला उत्तर देता येईल का?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“मग त्यात कसली मर्दुमकी? आणि एक वाक्य मलाही बोलता येत होतं. नाही बोलले. तो माज काही तिचा नव्हता.” त्यांनी ब्लेड खाली ठेवलं. “प्रभूने खिळे ठोकणाऱ्यांसाठी क्षमा मागितली. मला तर कुणी टाचणीही टोचलेली नाही.”

“निदान पट्टी दर्शनी लावा. दिसू दे लोकांना.”

“शिवणकाम मला शिकवू नकोस.”

काकूंनी डावी बाजू मनगटापासून कमरेपर्यंत उघडी केली, तिला दाबबटणं लावली आणि गर्द पट्टी काखेखाली बसवली. हात खाली असला की ती कुणालाच दिसणार नव्हती.

शनिवारी सकाळी त्या नऊ वर्षांनी जावेच्या खोलीत शिरल्या. “आधी लुळा हात,” त्यांनी सुनेला दाखवलं, “चांगला मागून. तो आपली वाट शोधतो.”

जावेचा उजवा हात बटणं चाचपत वर सरकला आणि पट्टीशी थांबला. तिने ते कापड बोटांत धरलं, मान वळवून पाहिलं, पुन्हा चोळून पाहिलं. मग काकूंकडे पाहिलं. वाकडं झालेलं तोंड हललं. डोळे भरून आले.

“हलू नका अक्का, टाचणी लागेल,” काकू म्हणाल्या. झग्यात एकही टाचणी उरली नव्हती.

रविवारी पहिल्या बाकावर दोघी शेजारी बसल्या. जावेच्या हाताला कंप होता, म्हणून काकूंनीच प्याला तिच्या ओठांना लावला आणि तोंडाच्या कोपऱ्यातून ओघळलेला थेंब रुमालाने टिपला. पाळकसाहेबांनी प्याला परत घेतला आणि सवयीने पुढच्याकडे वळवला.

“थांबा,” काकू म्हणाल्या, “माझं राहिलंय.”