खातूनबींचा पंखा

कापसाच्या पडत्या काळात उत्तमरावांची जिनिंग बंद पडली. दुसरा माणूस किराणा दुकान टाकता, यांनी धरलं ते थेट विमान. अकोल्याच्या एमआयडीसीत शेड टाकून ते विमानाचे भाग बनवू लागले, तेव्हा लोक हसले. हसला नाही तो एकटा अजहर. बंगलोरची नोकरी सोडून आलेला हा त्यांचा इंजिनिअर. कार्बनचं चिकट कापड साच्यावर थरावर थर बसवायचं, वरून प्लास्टिकची पिशवी चढवून आतली हवा पंपानं ओढून घ्यायची आणि भट्टीत शिजवायचं, यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

मे महिन्यात त्याच्या बहिणीचं, अलीझाचं लग्न निघालं. भारनियमनाचे दिवस. उत्तमराव म्हणाले, "कारखान्याचं जनरेटर घेऊन जा मांडवात. परतवाड्याचे पाहुणे हायेत, उकाड्यात बसवतं काय त्याईले?" आपल्याकडे लग्न म्हटलं की माणूस घरचं दारही काढून देतो. लग्नाच्या दिवशी भट्टी लावायचीच नव्हती. पण गिऱ्हाइकानं घाई केली, आणि एमआयडीसीची लाइट सहसा जात नाही म्हणून दोघांनी सकाळीच विमानाच्या शेपटीचं आवरण भट्टीत घातलं. भरवशाच्या म्हशीला टोणगा झाला.

निकाह लागला, ताटं मांडली जात होती, तोच अजहरचा फोन वाजला. भट्टीवर थांबलेली प्रियदर्शनी बोलत होती.

"सर, लाइट गेली. पिशवीनं अजून दम धरला हाये, पण पंपाबिगर लय वेळ नाही धरत. भट्टीबी थंडी होऊन राहिली."

कापडातला चिकटा आवळायच्या आत पिशवीत हवा शिरली, की आवरण भंगारात. तसलं दुसरं कापड शिल्लक नव्हतं. पहिलीच ऑर्डर, ती गेली की शेडला कुलूप. अजहरनं मांडवामागे धडधडणाऱ्या जनरेटरकडे पाहिलं. त्याची बातमी ऐकून उत्तमरावही तिकडेच पाहू लागले.

"साहेब, तुमचंच हाये ते," अजहर म्हणाला.

"लग्नात देल्ली वस्तू मधातून वापस मांगत नसतात बापा," उत्तमरावांनी घाम पुसला. एकाला मागवेना, दुसऱ्याला काढून नेववेना. शहाण्यांची जोडी!

नवरदेवाची आजी खातूनबी हे पाहत होत्या. त्यांच्या जिभेला अख्खा परतवाडा वचकून असे. "कायले तोंडं पाडून उभे हाये रे दोघं?" त्यांनी विचारलं. अजहरनं भीत भीत सांगितलं.

"मंग ने की. आमी काय कूलरमंदी जलमलो?" आणि वऱ्हाडाकडे वळून म्हणाल्या, "कोनी कुरकुर केली त माह्याशी गाठ हाये."

जनरेटर जीपमागे बांधून गेलं आणि मांडवातले पंखे थांबले. लोक लग्नपत्रिकांनी वारा घेत जेवले. ऊन कलायला लागलं तरी वऱ्हाड हललं नाही, कारण अलीझानं सांगून टाकलं होतं, "भाईजान आल्याबिगर मी निंगत नाही." अजहर परतला तेव्हा सगळे घामानं निथळत बसले होते.

"शिजलं काय तुहं?" खातूनबींनी विचारलं.

"शिजलं, दादी." एवढंच म्हणता आलं. मग तो सगळ्यांसमोर रडला, आणि ते बहिणीच्या बिदाईचं रडू आहे असं ज्यांना वाटलं, त्यांना त्यानं तसं वाटू दिलं.

या धंद्यात प्रत्येक भागासोबत त्याच कापडाची एक छोटी पाटी त्याच भट्टीत शिजवतात. ती कापून, तोडून पाहतात. पाटी पक्की तर भाग पक्का. त्या दिवसाची पाटी पक्की निघाली आणि शेड चालू राहिली. तपासणीनंतर उरलेला काळा पातळ तुकडा अजहरनं मागून घेतला, कडा घासल्या, सागाची मूठ बसवली आणि महिनाभरानं परतवाड्याला नेला. पाऊस अजून यायचाच होता.

खातूनबींनी तो पंखा उलटसुलट करून पाहिला. "हलका हाये," म्हणाल्या. मग अजहरला समोर बसवलं, आणि पहिला वारा त्यालाच घातला, उन्हातून आला होता म्हणून.