मिस्त्रीचं नाक

"तुमचा कोणाचाच इस्वास बसणार नाही," चंपतराव म्हणाला, आणि मघापासून बोटांत फिरवत असलेलं ते काळं रबरी वायसर — सिलिंडरच्या तोंडात बसतं ते, तान्ह्या मुलीच्या बांगडीहूनही लहान, घामानं चकाकणारं — त्यानं करंगळीत अंगठीसारखं चढवलं. बसलं. बरोबर बसलं. घरोघरच्या सिलिंडरांतून अशी किती वायसरं काढली, किती घातली, पण बोटात घालून पाहायचं कधी सुचलं नव्हतं. आज सुचलं, कारण आज हाताला काम नव्हतं, आणि हाताला काम नसलं की त्याच्या तोंडाला लागायचं.

"सुरू झाले बाप्पा," रुपराव म्हणाला. रुपराव वाडीच्या एजन्सीतला मिस्त्री, चंपतरावाच्याच वयाचा. तो ओसरीच्या पायरीवर बसून बिडी ओढत होता. सिलिंडरपाशी बिडी ओढू नये हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला पाठ होतं, आणि आतला साहेब तेच पहिल्यांदा विचारणार होता म्हणे.

आतला साहेब कंपनीचा, परवान्याची परीक्षा घ्यायला आलेला. गेल्या उन्हाळ्यात कुठल्याशा शहरात, कुठल्याशा स्वयंपाकघरात भडका उडाला होता, आणि कंपनीनं ठरवून टाकलं — ज्याच्यापाशी परवाना नाही त्यानं यापुढे कोणाच्या शेगडीला हात लावायचा नाही. त्यानं सिलिंडर पोचवायचे. चंपतरावाच्या एजन्सीचे मालक ताराचंदजी सकाळी किती गोड आवाजात बोलले होते, "मिस्त्री, काहून घाबरता? नाही झालं पास तर पगार तोच राहीन." पगार तोच... हो, तोच राहील. फक्त हाताचं काम खांद्यावर जाईल. ज्या खांद्यावर वाडीच्या गोदामात मिरचीची पोती वाहून घट्टा पडला आणि मग हळूहळू, पाना-पकडीच्या कृपेनं, मऊ झाला, त्याच खांद्यावर सिलिंडर घेऊन धरमपेठेतले जिने चढायचे, आणि वरून त्याच बायका, ज्या "या मिस्त्री, बसा मिस्त्री" म्हणायच्या, त्या म्हणतील, "ठेव तिकडे कोपऱ्यात." म्हणजे माणूस तोच. पगारासारखाच.

दार उघडलं. खिडकीतल्या कूलरचा घर्रर्र आवाज मोठा होऊन पुन्हा लहान झाला आणि केशव बाहेर आला. उमरेडचा पोरगेला माणूस, आयटीआय केलेला, चंपतरावाच्याच एजन्सीत गेल्या दिवाळीपासून कामाला.

"काय विचारते गा साहेब?"

"विचारत काही नाही जी. सुंगवते," केशव म्हणाला. "तीन सिलिंडर मांडले हायेत, त्यातल्या एकाची चावी जराशी ढिली. नाकानं सांगा म्हणते, कोणता. साबणपाणी घेऊ देत नाही. म्हणते, अंधाऱ्या घरात साबण शोधाले बटन दाबशीन, त भडका नाही उडणार?"

"अन् त्याचं सोताचं नाक?" चंपतरावानं हसतच विचारलं, थट्टेनं विचारावं तसं.

"तो रुमाल बांधून कूलरकडे तोंड करून बसला हाये. सकाळपासून गॅसातच हाये बिचारा."

सगळे हसले. चंपतराव सर्वांत मोठ्यानं हसला, आणि हसता हसता त्याचा हात खिशातल्या पत्र्याच्या डबीवर गेला. डबीत साबणाची वडी होती आणि दाढीचा एक झिजलेला ब्रश. साबण नाही. आणि तोंड कूलरकडे... म्हणजे चेहराही नाही.

कारण चेहऱ्यावरच तर सगळं होतं. गॅसचा वास चंपतरावाला कधीच आला नव्हता. तो कसा असतो हे त्याला लोकांकडून कळलेलं — कोणी म्हणे सडक्या कोबीसारखा, कोणी म्हणे नासक्या अंड्यासारखा — पण कोबी सडली की कसला वास येतो हे तरी कुठं आठवत होतं? गोदामात मिरचीच्या थप्पीला आग लागली तेव्हा पोती ओढून काढता काढता जे नाक गळायला लागलं ते पावसाळा संपेपर्यंत गळत राहिलं, आणि थांबलं तेव्हा सगळंच थांबलं. पुढं त्याच गोदामाच्या शेजारी ताराचंदजींनी सिलिंडर ठेवायला घेतले. एकदा एक सिलिंडर फुसफुसायला लागला, हमाल नाकं दाबून पळाले, हा एकटाच उभा. उचलला आणि नेऊन मैदानात ठेवला. "जिगरवाला आदमी है," ताराचंदजी म्हणाले. दुसऱ्या दिवशी हातात पाना आला. नाक नव्हतं म्हणून मिस्त्री झालेला माणूस — हे खरं सांगितलं असतं तर त्यावरही कोणाचा विश्वास बसला नसता. पण खऱ्याला रंगत नसते.

"हं, सांगा ना मिस्त्री," केशव म्हणाला. "कशावर इस्वास बसणार नाही?"

ओसरीवर हात बसवायला म्हणून एक सिलिंडर ठेवला होता. चंपतरावानं तो पुढ्यात ओढला, रेग्युलेटर त्याच्या तोंडावर खट्कन बसवला आणि तबलजीनं तबल्यावर ठेवावा तसा हात वर ठेवला.

"मी कुहीहून येऊन राहिलो होतो. एस्टीत, खिडकीपाशी. उमरेड रोडवर गाडी आली अन् माह्यं नाक फुरफुरलं. म्हटलं, गॅस. कंडक्टरले म्हटलं, गाडी पळव, धरमपेठेत गॅस सुटला हाये."

"उमरेड रोडवरून धरमपेठेतला?" रुपराव.

"वारा पश्चिमेचा होता गा. तुले वाऱ्याचं काही समजते काय? मिरचीनं धुतलेलं नाक हाये हे. सीताबर्डीवर उतरलो, डोये मिटले, अन् नाक नेईन तिकडे निघालो. चौथा बंगला. जिन्यावरूनच बाईले ओरडलो, काडी वढू नका. अन् शेगडीवरचं वांगं काटेरी हाये, तेही सांगतलं."

बाई... सुमतीबाई. वकिलाचं घर. तिथं तो बोलावणं आलं म्हणून गेला होता, सायकलवर, घाम पुसत. "केव्हाचा वास येतोय हो मिस्त्री," ती म्हणाली होती, आणि त्यानं नेहमीप्रमाणे नाक वर करून दोन-तीनदा हवा आत ओढली, आणि डोळे मात्र तिच्या चेहऱ्यावर ठेवले. ती ओट्यापाशी सरकली की तिच्या नाकपुड्या किंचित फुलायच्या, खालचा ओठ आत जायचा. खिडकीकडे गेली की चेहरा सैल. त्यानं तिला पाणी मागितलं, कापड मागितलं, तिला इकडून तिकडे फिरवलं, आणि चेहरा जिथं सर्वांत आकसला तिथं, नळीच्या वळणावर, ब्रशानं फेस लावला. फुगा आला. "बाई गं! नुसत्या वासावर शोधलंत," ती म्हणाली. हे खोटं त्याचं नव्हतं, तिनंच ते चहाच्या कपासोबत पुढं केलं. त्यानं दोन्ही घेतलं. चहात आलं होतं की वेलची, कळलं नाही. छान झालाय म्हणाला.

चेहऱ्यांवरून सगळं चालतं. आमटी करपली हे बायकोच्या, गोपिकेच्या चेहऱ्यावरून, शेजारी कोण आजारी आहे हे तिच्या नाकावरच्या पदरावरून. फक्त मोगऱ्याचं चालत नाही. लग्नानंतर दर उन्हाळ्यात गोपिका संध्याकाळी मोगरा माळायची, मागं उभी राहायची, काही न बोलता. ती काय ऐकायला उभी आहे हे त्याला कळायचं. पाठीमागच्या माणसाचा चेहरा दिसत नाही. तो वळायचा तोवर ती आत गेलेली असायची... एका उन्हाळ्यात तिनं मोगरा आणलाच नाही. नवऱ्याचं आपल्यावरचं मन उडालं, असं तिनं धरलं असणार. त्यानं धरू दिलं. नाक गेलेल्या मिस्त्रीपेक्षा मन उडालेला नवरा बरा — घरातली गोष्ट घरात राहते, आणि नाकाची गोष्ट एजन्सीपर्यंत जाते.

"मग बाईनं वढली काडी?" केशवनं विचारलं. पण विचारता विचारता तो ओसरीवरून खाली उतरला होता, उन्हात.

"वढली ना," चंपतराव म्हणाला. केशवचं उतरणं त्याला आवडलं नाही. "काडी वढली, अन् चावी अशी —" त्यानं रेग्युलेटरची चावी फिरवून दाखवली, "अशी उघडी."

रुपरावानं अर्धी राहिलेली बिडी घाईनं पायरीवर चिरडली. गोष्ट लागली बेट्याला, चंपतरावाला वाटलं; बिडी विसरला. भिंतीशी बसलेल्या एकानं तोंडावर गमछा धरला. हसतोय... हातामागं हसतोय, आयटीआयवाल्यांची ही हसण्याची रीत. हसा. कोणी असं हसलं की त्याची गोष्ट नेहमीच दोन हात उंच व्हायची.

"जळती काडी मी फुंकरीनं विझवली. दारातून. अन् भडका निंघाला तो गिळला. गिळला म्हणतो ना. वकीलसाहेब पाहून राहिले होते —" आणि त्यानं चावी आणखी फिरवली, पूर्ण.

"मिस्त्री," केशव म्हणाला.

"थांब गा, ऐक तर —"

तेवढ्यात लाईन गेली. खिडकीतला कूलर घरघरत, अडखळत, थांबला, आणि एकाएकी झालेल्या शांततेत चंपतरावाला आपल्या हाताखाली एक बारीक, न थांबणारं फुसफुसणं ऐकू आलं. त्यानं खाली पाहिलं. रेग्युलेटर, चावी, चावीवरची बोटं, आणि करंगळीत काळी अंगठी. जी सिलिंडरच्या तोंडात असायला हवी होती.

ओसरी रिकामी होती. सगळे खाली अंगणात, आंब्यापर्यंत सरकलेले, नाकं दाबून. सगळे चेहरे आकसलेले, नाकपुड्या, ओठ, सगळं जसंच्या तसं, इतक्या वर्षांचं तोंडपाठ. आणि आज एकाकडेही त्यानं पाहिलं नव्हतं. नाकाची गोष्ट सांगत होता ना.

दार उघडलं. साहेब उंबऱ्यावर आला, रुमाल हनुवटीपर्यंत ओढलेला.

"मिस्त्री," केशव मोठ्यानं म्हणाला. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "तुमाले वासच येत नाही."

हातानं चावी बंद केली. हाताला सगळं येत होतं. काहीतरी बोलायला हवं होतं — सर्दी आहे म्हणावं, परीक्षा घेत होतो तुमची म्हणावं. अशा वेळी जिभेवर दहा गोष्टी तयार असायच्या — पण त्याची नजर एकामागून एक चेहऱ्यांवरून फिरत राहिली, केशववरून रुपराववर, रुपराववरून साहेबावर. गॅस तर बंद झाला होता. चेहरे सैल व्हायला हवे होते. ते होत नव्हते. आणि त्यांवर जे उरलं होतं ते वासाचं होतं की किवेचं, हे त्याला आयुष्यात पहिल्यांदाच ओळखता येईना.