उकळलेलं पाणी

बाल्तासार मास्तरांनी अंगणातल्या नळाची जाळी फिरवून काढली, खिशात टाकली आणि पाणी वाहू दिलं.

"बाटली द्या," ते म्हणाले.

ओतिलियाबाईंनी पदार्थ वाढावा तशी बाटली दोन्ही हातांनी पुढे केली. "साबणानं स्वच्छ धुऊन ठेवलीय."

मास्तर हसले. "शाळेत पस्तीस वर्षं मुलांना ओरडून सांगितलं, हात धुवा, हात धुवा. आणि आता म्हाताऱ्या बायांना सांगतोय, बाटली धुऊ नका." त्यांनी गाडीतून दुसरी बाटली आणली. "ही प्रयोगशाळेतून तयार होऊन येते. आत बोटसुद्धा लावायचं नाही."

"म्हातारी कोणाला म्हणता? तुम्ही माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे."

"म्हणून तर मला हक्क आहे."

निवृत्त झाल्यापासून मास्तर खोऱ्यातल्या घराघरांत जाऊन बोअरच्या पाण्याचे नमुने घेत. इथं नळयोजना नाही. ज्याचा त्याचा बोअर, ज्याचा त्याचा पंप, आणि पाणी कसं आहे हे बघायची जबाबदारीही ज्याची त्याची. पलीकडच्या शेतावरचं पाणी खराब निघालं, तेव्हापासून ते ओतिलियाबाईंच्या मागे लागले होते. बाईंनी दोनदा टाळलं होतं.

"माझा सासरा हेच पाणी पिऊन नव्वदीला पोचला," त्या आताही म्हणाल्या. "आणि माझ्या मारिसेलाला तर दुसरं पाणीच जात नाही."

हे मात्र त्यांनी मुद्दाम सांगितलं. मास्तरांना सगळी हकीकत ठाऊक होती. मारिसेला त्यांचीच विद्यार्थिनी, लग्नानंतर नवऱ्याबरोबर, रुबेनबरोबर, टुसॉन शहरात राहणारी. बापाच्या मातीनंतर ती आईला म्हणाली होती, हे वाळवंट विकून टाक आणि आमच्याकडे टुसॉनला चल. आई म्हणाली होती, तुझ्या बापाला इथं एकटं टाकून? त्यापुढे दोघी बरंच बोलल्या, आणि मग चार वर्षं काहीच बोलल्या नाहीत. या मार्चमध्ये फोन आला. दिवस गेले आहेत. काही पोटात ठरत नाही. आई, आपल्या घरचं पाणी आणशील?

डोहाळे कसले लागतील याला काही नेम नसतो. ओतिलियाबाईंनी त्याच दिवशी चार कॅन भरले होते. तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी रविवारी दोन तास गाडी चालवत त्या टुसॉनला जात. कॅन उतरवायचे, रिकामे उचलायचे, उभ्याउभ्या कॉफी घ्यायची आणि निघायचं.

बाटली भरली. मास्तरांनी तिच्यावर तारीख आणि वेळ लिहिली आणि ती बर्फाच्या पेटीत ठेवली.

तीन आठवड्यांनी ते अहवाल घेऊन आले. या वेळी अंगणात न थांबता स्वयंपाकघरात येऊन बसले. ओतिलियाबाईंना तेवढ्यानंच कळायला हवं होतं.

"आर्सेनिक आहे," ते म्हणाले. "म्हणजे सोमल. कोणी टाकलेला नाही, खाली खडकातच असतो. पाणी खोल गेलं तसा आपल्या वाट्याला आला. लिटरमागे दहा मायक्रोग्रॅमपर्यंत चालतो. तुमच्याकडे एकतीस आहे."

"एकतीस."

"रंग नाही, वास नाही, चव नाही. त्यात तुमची काही चूक नाही."

ओतिलियाबाईंनी शेगडीकडे पाहिलं. मोठं ॲल्युमिनियमचं पातेलं तिथंच होतं. त्या जरा सावरून बसल्या.

"पण मी तिला असंच पाणी नेत नाही, मास्तर. उकळते. बाळाच्या आईला कच्चं पाणी कसं द्यायचं? चांगलं अर्धं होईपर्यंत उकळते, मग फडक्यानं गाळते."

वर्गात एखादं मूल आत्मविश्वासानं चुकीचं उत्तर द्यायचं, तेव्हा थांबायचे तसे मास्तर थांबले.

"घेवड्याचं भांडं शेगडीवर विसरलात तर काय होतं?"

"खारट होतो."

"कोणी वरून मीठ टाकतं?"

"नाही. पाणी आटतं, मीठ तिथंच..."

त्यांचा हात टेबलावरच्या अहवालाच्या कागदाकडे गेला आणि अर्ध्यात राहिला.

"उकळून जंतू मरतात," मास्तर हळू आवाजात म्हणाले. "सोमल मरत नाही."

मग मास्तरांनीच विचारलं, "किती महिने नेताय हे पाणी?"

"पाच."

"आधी तिला सांगा. आजच. मग तिनं डॉक्टरांना सांगायचं. इथं ओट्याखाली फिल्टर बसवू, पिण्यापुरता. मीच बसवून देईन."

"त्यातल्या पाण्याची चव कशी लागते?"

"कसलीच नाही."

"तसलं पाणी तर तिच्या गल्लीत दुकानात मिळतं," ओतिलियाबाई म्हणाल्या. "मग मी तिथं कशाला जायचं?"

मास्तरांनी अहवाल त्यांच्यापुढे सरकवला.

फोनवर बोलायचा ओतिलियाबाईंना धीर झाला नाही. त्या तशाच निघाल्या. वाटेत एका दुकानापुढे गाडी थांबवली. काचेमागे पाण्याचे कॅन रचलेले होते. चार घेतले, लेबलं काढून घरचं म्हणून दिले, तर कोणाला कळणार होतं? इंजिन चालू ठेवून त्या थोडा वेळ बसल्या आणि पुढे निघाल्या.

मारिसेलानं दार उघडलं. पोट चांगलंच पुढे आलं होतं. "आज गुरुवार ना? काय झालं? थांब, कॅन तू उचलू नकोस, रुबेन आणेल."

"कॅन आणले नाहीत."

उंबऱ्यातच त्यांनी सगळं सांगितलं, एकतीस, पातेलं, पाच महिने. सांगताना लेकीच्या तोंडाकडे पाहिलं नाही, कागद तेवढा पुढे धरला. मारिसेलानं तो घेतला, वाचला आणि घडी घातली.

"आई, आत ये."

"डॉक्टरांना फोन कर आधी."

"आई, मी त्यातलं घोटभरही प्यायले नाही."

ओतिलियाबाईंनी वर पाहिलं.

"पहिल्याच तपासणीला डॉक्टरीण म्हणाली होती, बोअरचं पाणी तपासल्याशिवाय प्यायचं नाही. तेव्हा तू एक खेप टाकून गेली होतीस. मी ओतून देत होते. तू पण ते पीत असशील हे माझ्या डोक्यातच आलं नाही बघ. केवढी मूर्ख मी."

"आणि दर पंधरवड्याला फोन करून मागत होतीस ते?"

मारिसेला भिंतीला टेकून उभी राहिली. "नुसतं ये म्हटलं असतं, तर तू आली असतीस?"

रस्त्यावरून एक गाडी गेली. आतल्या खोलीत पंख्याचा आवाज येत होता. गाडीत उतरवायला काही नव्हतं, रिकामे कॅन परत न्यायचंही कारण उरलं नव्हतं. हातातली किल्ली ओतिलियाबाईंनी दाराजवळच्या टेबलावर ठेवली.

"जेवायला काय केलंस?"

"काही नाही. वास सहन होत नाही."

"पीठ आहे का घरात?"

"असेल. कुठे ते रुबेनला माहीत."

"संसार करतेस की पाहुणी म्हणून राहतेस?" असं म्हणत ओतिलियाबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि एकेक कपाट उघडून पाहू लागल्या.