बुडखा

फावड्याचा दांडा खांद्यावर बसला तसा दादा गुडघ्यांवर आला, पण हातातला कंदांचा गड्डा त्यानं सोडला नाही. तसाच पुढे झेपावून त्यानं धाकट्याच्या पोटात डोकं घातलं. दोघंही वाफ्यात कोसळले. पहाटेच्या पहिल्या गोठत्या दहिवरानं डेलियाची झाडं काळी ठिक्कर पडली होती. ती त्यांच्या अंगाखाली चेचली गेली आणि त्यांचा चिकट रस दोघांच्या कपड्यांना लागला. एक बेचाळिशीचा, दुसरा अडतीसचा. अक्कल मात्र दोघांची मिळून सहा वर्षांची.

ताई बादली घेऊन कुंपणापाशी उभी होती. ती दोघांहून मोठी. भावांच्या मारामारीत मध्ये पडायचं तिनं लहानपणीच सोडलं होतं. त्या नादात तिचे दोन दात गेले होते.

"सोड," धाकटा म्हणाला. त्याच्या नाकातून रक्त गळत होतं. "बाबांनी मला दिलंय ते झाड."

"कधी? स्वप्नात येऊन?"

बाबा जहाजावर भट्टी सांभाळायचे. कुठल्याशा उष्ण देशातून त्यांनी मोज्यात लपवून कंद आणले. एका झाडाचा पराग दुसऱ्याला लावत वीस वर्षांनी हे एक झाड त्यांना साधलं होतं: ताटाएवढं फूल, विस्तवाच्या रंगाचं. या थंड गावात तसलं फूल कुणाच्याच परसात नव्हतं. दर हिवाळ्याआधी कंद उकरून वाळूत ठेवायचे, वसंतात पुन्हा लावायचे. गावच्या फुलांच्या प्रदर्शनाचा कप सहा वर्षं घराबाहेर गेला नव्हता. महिन्यापूर्वी बाबा गेले, फुलाचं नाव ठेवायचं राहूनच गेलं. आता ज्याच्याकडे ते झाड जगेल, त्याचंच नाव फुलाला लागणार होतं.

बाबांचे हात थरथरायला लागल्यापासून पराग लावायचं काम ताईच करायची, बारीक कुंचल्यानं, श्वास रोखून. कप घ्यायला मात्र बाबा जायचे आणि फोटोत दोन्ही मुलगे उभे राहायचे. आयत्या बिळावर नागोबा. याचा तिला राग यायचा, अगदी जेवण जाऊ नये इतका.

चौदाव्या वर्षी तिच्या हातून एक कंद मानेतून मोडला होता. बाबांनी अशी कानाखाली ओढली की डावा कान कायमचा गेला. मग तिला शेजारी बसवून त्यांनी दाखवलं. कंद कितीही गलेलठ्ठ असू दे, कोंबाचा डोळा त्याच्यावर नसतो. तो जुन्या देठाच्या बुडाशी असतो. बुडखा सोडून मोडलेला कंद जन्मभर मातीत ठेवला तरी फुटत नाही. मुलग्यांना बाबांनी हे शिकवलं नाही. बडवलं मात्र भरपूर. खाण तशी माती.

वाफ्यात दादानं धाकट्याचा अंगठा मागे रेटला. दादा खाटीक होता, सांधा कुठे सुटतो हे त्याच्या हातांना पाठ होतं. अंगठ्यातून काट्‌कन आवाज आला. धाकटा ओरडला आणि त्यानं दादाच्या कानाला दात लावले. गड्डा दोघांच्या मध्ये ओढला जात होता. दादानं त्यातला सगळ्यात जाड कंद मानेशी धरला आणि पिरगळून तोडला. ते पाहून धाकट्यानंही शाबूत हातानं दुसरा उपटला.

ताई एक पाऊल पुढे आली.

"अरे, असे मोडू नका. मी सांगते ते ऐका, बुडख्याचा—"

"तू गप्प बस," म्हणत दादानं हाताला लागलेलं खुरपं भिरकावलं.

ते तिच्या नडगीला लागलं. मोज्यातून रक्त वर आलं आणि हळूहळू पसरलं. ताईनं ते पाहिलं, मग भावांकडे पाहिलं, आणि तोंड मिटून घेतलं.

थोड्या वेळानं दोघं धापा टाकत बाजूला झाले. पाच कंद याच्याकडे, पाच त्याच्याकडे. मातीत उरला काळ्या देठांचा बुडखा, त्याला करंगळीएवढे दोन कंद लोंबत होते.

"हा मी नेऊ का?" ताईनं विचारलं.

"ने की. शेगडीत घाल," दादा म्हणाला आणि धाकटा रक्ताळल्या तोंडानं हसला. दिवसभरात त्यांचं तेवढ्या एकाच गोष्टीवर एकमत झालं.

ताई बेकरीच्या वरच्या खोलीत राहायची. खालच्या भट्टीमुळे तिची फरशी हिवाळाभर कोमट असे. वसंत लागताच तिनं वाळूतला बुडखा कुंडीत लावून खिडकीपाशी ठेवला. एकविसाव्या दिवशी देठाच्या बुडाशी लालसर कोंब दिसला.

त्याच आठवड्यात दादा हातोडी घेऊन धाकट्याच्या वेल्डिंगच्या शेडमध्ये शिरला. आधी त्यानं कंद लावलेल्या कुंड्या फोडल्या, मग धाकट्याचा गुडघा, मग जबडा. शेजाऱ्यांनी सोडवलं तेव्हा धाकटा स्वतःच्या रक्तात पालथा पडला होता. दादाला पोलिसांनी नेलं. जाताना तो एकच सांगत होता, यानं माझ्या कंदांवर तेजाब ओतलंय, त्याशिवाय ते सडणार नाहीत.

ताई इस्पितळात गेली. उजवा कान धाकट्याकडे येईल अशी खुर्ची ठेवून ती बसली. त्याचा जबडा तारांनी बांधलेला होता, शब्द दातांतून गाळून काढावे लागत.

"ताई, माझेही उगवले नव्हते गं," तो म्हणाला. "दादाला मुद्दाम सांगितलं, वीतभर आलंय म्हणून. त्याचा चेहरा बघायचा होता."

ताईनं त्याच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं. तिच्या नखांत अजून माती होती. सकाळी घरून निघताना तिनं कुंडीत एक काडी रोवली होती आणि तिला बांधलेल्या चिठ्ठीवर स्वतःचं नाव लिहिलं होतं.

"पण कंद तर चांगले गुबगुबीत होते," धाकटा म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, दुखण्याचं असेल किंवा आणखी कशाचं. "का उगवले नाहीत, ताई? तुला माहीत असेल."

ताई उठली. खुर्ची उचलून तिनं पलंगाच्या दुसऱ्या बाजूला नेली आणि डावा कान त्याच्याकडे करून बसली.

"बोल," ती म्हणाली, "ऐकतेय."